भिंत दिली, पण खाली नाव कोण लिहिणार?

मंडळी, गेल्या आठवड्यात किनाऱ्यालगतच्या एका कॅफेत बसलो होतो. कॅफेचं नाव सांगत नाही. मालक ओळखीचा आहे आणि माणूस वाईट नाही.

समोरच्या भिंतीवर आपल्याच गावच्या एका पोराने काढलेले आठ-दहा फोटो लावलेले. रापण ओढणारे हात, सिंधुदुर्ग किल्ल्यामागे बुडणारा सूर्य, दशावतारातला रंग लावत बसलेला स्त्रीपार्टी, मासळी बाजारातली एक म्हातारी. बघून खरंच बरं वाटलं. पुण्याकडचे पर्यटक टेबल सोडून उठून बघत होते, मोबाईलवर त्या फोटोंचेच फोटो काढत होते. एका बाईंनी विचारलं, "कुणी काढलेत हो हे?" वेटर म्हणाला, "हयचोच एक झील आसा."

बस्स. फोटोखाली नाव नाही, नंबर नाही, किंमत नाही.

त्या पोराला फोन केला. लग्नाच्या ऑर्डरी करतो, उरलेल्या वेळात पहाटे किनाऱ्यावर असतो. म्हणाला, "दादा, भिंत तरी गावली मां. पैसे खंय मागूक जांव?" म्हटलं, प्रिंट आणि फ्रेमचा खर्च? "तो माझोच."

आता आधी स्वतःचं सांगतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल की पत्रकार दुसऱ्याला शहाणपण शिकवतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मी अशाच पोरांकडून व्हॉट्सअॅपवर फोटो मागवून बातमीला जोडले. बातमीवर माझं नाव आलं. फोटोखाली कुणाचंच आलं नाही. तेव्हा मला त्यात काही चुकलंय असं वाटलंसुद्धा नाही.

म्हणून हे लिहितोय. कॅफेत फोटो लावणं ही कल्पना उत्तम आहे. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, पण तिथे प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आपल्याकडच्या पोराने तिथवर कधी पोचायचं? चहा-कॉफी आणि कला यांचं नातंही काही नवीन नाही. त्याच जहांगीरमध्ये 'समोवार' नावाचं कॅफे १९६४ पासून २०१५ पर्यंत चाललं, चित्रकार-लेखकांचा तो अड्डाच होता. कुलाब्याच्या मोंडेगार कॅफेच्या भिंतींवर मारियो मिरांडांची व्यंगचित्रं आहेत. लोक बिअरबरोबर तीही बघायला जातात. आणि ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फरक तिथेच आहे.

फोटोग्राफी ही आपल्या भागाला उपरी नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या भारतीय फोटोग्राफरांत डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजी लाड यांचे बंधू. हे कुटुंब मूळ मांद्रे गावचं, म्हणजे आपल्या तेरेखोल खाडीच्या पलीकडचं. वेगवेगळ्या जातीधंद्यांच्या माणसांचे त्यांनी काढलेले फोटो आजही अभ्यासले जातात. का? कारण ते कुणी काढले याची नोंद राहिली. त्या फोटोंतल्या बहुतेक माणसांची नावं मात्र राहिली नाहीत.

कॅफेवाल्यांची बाजूही मला कळते. सीझन सात-आठ महिन्यांचा. पावसात गिऱ्हाईक नाही, भाडं मात्र चालूच. पण भावांनो, ती भिंत रिकामी ठेवली असती तर तुम्ही बाजारातून पोस्टर विकत आणून लावलेच असते ना? तुमच्या कॅफेचा 'लूक' त्या पोराच्या फोटोंमुळे आलाय. तेव्हा भिंत दिली हे उपकार नव्हेत, हा व्यवहार आहे. व्यवहार असेल तर सरळ ठरवा.

फोटोखाली नाव, फोन नंबर आणि किंमत लिहा. विकला गेला तर कॅफेचा वाटा किती, ते आधी कागदावर येऊ दे. फ्रेमचा खर्च निम्मा-निम्मा करा. खारं वारं आणि पावसाळी बुरशी प्रिंटचं काय करते ते आपण जाणतो, तेव्हा खराब झाल्यास भरपाई कुणाची हेही लिहा. मेन्यूकार्डावर किंवा इन्स्टाग्रामवर तो फोटो वापरायचा तर वेगळं विचारा. कायदाही पोराच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क फोटोग्राफरचा असतो. प्रिंट विकली म्हणून तो हक्क जात नाही. पैसे घेऊन काढलेल्या लग्नाच्या फोटोंचं वेगळं, तिथे दुसरा करार नसेल तर हक्क ऑर्डर देणाऱ्याचा.

आणि पोरांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. भिंतीवरची ती म्हातारी मला परवा बाजारात भेटली. म्हटलं, आजी, तुझा फोटो कॅफेत लागलाय, ठाऊक आहे का? म्हणाली, "माका कोणी इचारूक नाय. बरी दिसतंय मां?" मग मासे साफ करता करता विचारलंन, "थंय कापीचे कितके पैशे घेतत?"

म्हटलं, एकशेऐंशी.

ती हसली. "आणि माझो फोटो बघूक फुकट?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या पोराने निदान एक प्रिंट तिला नेऊन द्यावी, एवढं तरी मी त्याला सांगितलंय. उरलेलं कॅफेवाल्यांनी बघावं. आणि तुम्ही पुढच्या वेळी कॉफी प्यायला गेलात की भिंतीकडे बोट दाखवून एवढंच विचारा, हे कुणी काढलेत? चार जणांनी विचारलं की पाचव्या दिवशी नावाची पट्टी लागेल.