छप्पर मालकाचे, झळ बाईची

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. वर्ध्याजवळच्या एका गावात आमच्या गटाची बैठक होती. विषय घरकुलाच्या यादीचा. वेळ दुपारी दोनची ठेवली होती, कारण बायांना तेवढीच सवड असते. नवतपा सुरू होता. ज्या घरी जमलो ते नवेच घरकुल होते. भिंती विटा-सिमेंटच्या, वर टिन. पंधरा मिनिटांत सगळ्याजणी उठून बाहेर लिंबाखाली येऊन बसल्या. घरची बाई हसत म्हणाली, "घर भेटलं जी ताई, पण दुपारी त्यात बसता नाही येत. माणसं पारावर जातात. मी कुठं जाऊ? खाली चूल अन् वर टिन, मधात मी."

यादीचा विषय त्या दिवशी बाजूलाच राहिला. लिंबाखाली प्रत्येकीने आपापल्या घराचे सांगायला सुरुवात केली. कुणाची खोली रात्री बारापर्यंत निवत नाही, कुणाच्या लेकराला घामोळ्यांनी झोप नाही, कुणाची म्हातारी सासू दिवसभर ओला पदर डोक्यावर घेऊन बसते. इतकी वर्षे आपण घर नावावर करण्यासाठी भांडतो आहोत. ते घर आतून कसे आहे, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. तो विचारावा म्हणून हा लेख.

थंड देशांत घराची ऊर्जातपासणी नावाचा प्रकार जुना आहे. तपासनीस घरी येतो. वारा कुठून शिरतो, ऊब कुठून निघून जाते, कोणते उपकरण किती वीज खाते, हे पाहतो. त्यावरून दुरुस्ती ठरते आणि गरीब घरांना त्यासाठी सरकारी मदत मिळते. अमेरिकेत ही मदत देणारा कार्यक्रम १९७६ च्या कायद्याने सुरू झाला. तिथे प्रश्न मुख्यतः थंडीचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून आपला प्रश्न उलटा. पण मूळ गोष्ट एकच, की घर राहणाऱ्याच्या अंगाला काय करते ते मोजायचे.

मोजायला फार शिकलेले असावे लागत नाही. टिनाचा पत्रा पातळ. उन्हात तो काही मिनिटांत तापतो आणि खालच्या माणसावर झळ सोडतो. सिमेंटचा स्लॅब हळू तापतो, पण दिवसभर साठवलेली उष्णता रात्री घरात ओततो. मातीची जाड भिंत ऊन आत यायला वेळ लावते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. सेवाग्रामची बापू कुटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मीराबेनने उभारलेली ती माती, बांबू, कवेलूंची कुटी भर उन्हाळ्यात किती सुसह्य वाटते, हे आत बसून आलेलीला सांगायला नको. वर्ध्यातच १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या पोकळ, शंकूसारख्या कवेलूंची कमान रचून छत करण्याची पद्धत विकसित केली. म्हणजे थंड घर कसे बांधावे, हे ज्ञान आपल्या जिल्ह्यात होते आणि आहे.

पण मैत्रिणींनो, इथे थोडे थांबू या. मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांना मी नेहमी विचारते, सारवायचे कुणी? दर आठवड्याला शेण कालवणे, भिंतींना पोतारा देणे, पावसाळ्याआधी घर सावरणे, हे सगळे बाईच्या मनगटावर. ते काम कुणी मोजले नाही, म्हणून मातीचे घर 'स्वस्त' ठरले. बायांनी टिन आणि सिमेंट मागितले ते काही अडाणीपणाने नाही. त्यांना त्या कामातून सुटका हवी होती आणि गळतीतून सुटका हवी होती. सुटका मिळाली, पण झळ सोबत आली. म्हणून 'जुन्याकडे परत चला' हे उत्तर मला मान्य नाही. आपल्याला पक्के घर हवे आणि ते राहण्याजोगेही हवे.

आता शासनाच्या योजना पाहू. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचे, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. घर बाईच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने मंजूर व्हावे असा नियम आहे. तो आपल्यासारख्यांच्या वर्षानुवर्षांच्या मागणीतून आला, याचा आनंदच आहे. पण हप्ता देताना पाया झाला का, छत पडले का, एवढेच पाहिले जाते. छताखाली दुपारी दोन वाजता माणूस बसू शकतो का, हे कुणी पाहत नाही. पैसे पुरत नाहीत तेव्हा पहिली काटछाट छतावर आणि खिडकीवर होते.

२०२४ पासून छतावरच्या सौर विजेसाठी केंद्राचे अनुदान आहे, ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये. चांगली गोष्ट. पण त्यासाठी स्वतःचे, भक्कम छत हवे आणि आधी खिशातून घालायला किंवा कर्ज फेडायला पैसा हवा. घरांच्या भिंती-छपरांतून उष्णता किती शिरावी याचे नियमही देशात २०१८ मध्ये तयार झाले, पण ते ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. एक खोलीच्या घराला ना नियम, ना अनुदान. ज्याच्याकडे छप्पर आहे त्याला आणखी काही मिळते. जी त्या छपराखाली भाजते तिचा हिशोबच नाही.

आणि जिच्या डोक्यावरचे छप्पर भाड्याचे आहे तिचे काय? हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः काही वर्षे वर्ध्यात दोन खोल्यांत भाड्याने राहिले. वर टिन. वीज मालकाच्या मीटरवरून, पोटमीटर लावून, आणि युनिटचा दर तो सांगेल तो. एका उन्हाळ्यात मी त्यांना म्हटले, "भाऊ, छपराला वरून चुना मारू या. पांढऱ्या रंगाने ऊन परतते." ते म्हणाले, "मारा ना ताई, तुमच्या खर्चाने." मी आणि शेजारणीने मिळून चुना कालवला, तिच्या मुलाने वर चढून दोन हात दिले. आत बाजारातल्या साध्या चटया बांधून खोटे छत केले. फरक पडला, दुपारी खोलीत बसता येऊ लागले. दिवाळीनंतर घरमालकांनी भाडे वाढवले. कारण काय, तर "आता खोली थंड राहते ना ताई, गिऱ्हाईक येऊन राहिलं."

राग आला, पण बोलणार काय? लिखापढी नव्हती. पुढे कायदा वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की घर नीट दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. चांगले कलम आहे, गटातल्या प्रत्येक भाडेकरू बाईने माहीत करून घ्यावे असे. पण त्यात दुरुस्ती म्हणजे मोडतोड, गळती. गळणारे छप्पर कायद्याला कळते, तापणारे छप्पर कळत नाही. वर ज्या अमेरिकन कार्यक्रमाचा उल्लेख केला, त्यात भाड्याच्या घरालाही मदत मिळते. मालकाची परवानगी लागते, पण सुधारणेमुळे घराची किंमत वाढली म्हणून काही काळ भाडे वाढवता येत नाही, अशी अट आहे. एवढी एक अट असती तर आमचा चुना आमच्यावर उलटला नसता.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "बाई, मजुरीचा, हिंसेचा प्रश्न सोडून तुम्ही छपराला चुना काय मारत बसता?" त्यांना मी तीन गोष्टी विचारते. पहिली, कुलरच्या टाकीत पाणी कोण भरते? टँकरच्या दिवसांत त्या बादल्या कुणाच्या कमरेवर असतात, आणि ओल्या हाताने लोखंडी कुलरला शॉक कुणाला लागतो? दुसरी, रात्री घर तापले की पुरुष बाज उचलून अंगणात नाहीतर रस्त्याच्या कडेला निजतो. तरणी मुलगी, एकटी बाई, नवी सून कुठे निजते? आत, कडी लावून. म्हणजे हा हिंसेचाच प्रश्न आहे. तिसरी, रात्रभर झोप नसलेली बाई सकाळी सहाला निंदणाला जाते, तेव्हा हा मजुरीचाही प्रश्न होतो. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा आराखडा केला. माणसे मेल्यावर आराखडा झाला, हे विसरू नये.

त्याच अहमदाबादेत 'सेवा'मधून १९९४ मध्ये उभ्या राहिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने एक मोलाची गोष्ट केली. त्यांनी वस्तीतल्या बायांनाच ऊर्जातपासनीस म्हणून तयार केले. त्या शेजारणीच्या घरी जातात, वीजबिल वाचतात, पंखा-दिवे पाहतात, छपराला पांढरा रंग सुचवतात. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण आणले आणि सरकारी मदतीच्या घरांना ते लागू केले. म्हणजे अशक्य काही नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या गटांनी हे काम हाती घ्यावे असे मला वाटते. सुरुवातीला एक वही आणि भिंतीवर टांगायचा एक उष्णतामापक पुरे. प्रत्येक घरात दुपारी दोनला आणि रात्री दहाला, चुलीजवळ आणि झोपायच्या जागी नोंद करायची. त्या वेळी घरात कोण होते, तेही लिहायचे. वीजबिल पाहायचे. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३५ च्या आसपास. दिवसाला १८ तास चालला तर महिन्याला २१-२२ युनिट वाचतात, आणि पंखा भाडेकरू बाई घर सोडताना सोबत नेऊ शकते. युनिटचा दर मालक कोणता लावतो तेही वहीत येऊ द्या.

ती वही घेऊन ग्रामसभेत जाऊ या. आपल्या मागण्या तीन असाव्यात. घरकुलाचा शेवटचा हप्ता देताना छप्पर थंड करण्यासाठी वेगळी रक्कम मिळावी आणि तपासणी घरातल्या बाईला विचारून व्हावी. सरकारी मदत मिळालेल्या भाड्याच्या घराचे भाडे त्या कारणाने वाढवता येऊ नये. आणि तपासणीचे काम वस्तीतल्या बायांना, मानधन देऊन मिळावे. फुकट नाही. सारवण फुकट केले, आता मोजणीही फुकट करायची नाही.

चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. वहीत लिहिलेले मात्र राहते. पुढचा नवतपा येण्याआधी किती गटांच्या वह्या भरलेल्या असतील?