शिक्षेचा रकाना बघून सज्जन ठरवायचा?

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीचा, म्हणजे एनएचएलचा, एक दादा खेळाडू होता. शिकागोचा स्टॅन मिकिटा. १९६४-६५ च्या हंगामात त्याच्या नावावर तब्बल १५४ मिनिटांची शिक्षा होती. असं सांगतात, की टीव्हीवर मॅच बघताना त्याच्या छोट्या मुलीने विचारलं, बाबा सारखे तिकडे एकटेच का जाऊन बसतात? दोन वर्षांत मिकिटाची शिक्षा १२ मिनिटांवर आली. त्या हंगामात सर्वाधिक गुण, सर्वोत्तम खेळाडू आणि खिलाडूवृत्तीची लेडी बिंग ट्रॉफी, तिन्ही त्याच्याकडे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच!

ही ट्रॉफी कॅनडाच्या तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी बिंग यांनी १९२५ मध्ये दिली. सभ्य वागणूक आणि वरच्या दर्जाचा खेळ, दोन्ही हवं. फ्रँक बाउचरने ती आठ हंगामांत सात वेळा जिंकली, शेवटी मूळ ट्रॉफीच त्याला देऊन टाकली.

आता ती कुणाची हे ठरवतं कोण? हॉकी कव्हर करणारे पत्रकार. प्रत्येक जण पाच नावं क्रमाने लिहितो, पहिल्याला १० गुण, पाचव्याला १. जर्नालिझमची विद्यार्थिनी म्हणून माझी कॉलर आधी ताठ झाली. विजेत्यांची यादी बघितल्यावर जरा ढिली पडली.

कारण शंभर वर्षांत ही ट्रॉफी फक्त चार बचावपटूंना मिळालीय. १९५४ नंतर थेट २०१२! मधे १९६१ मध्ये रेड केली जिंकला, पण तोवर तो बचाव सोडून सेंटरला खेळायला लागला होता. गोलकीपर तर एकही नाही. मग काय, मागच्या फळीत सगळे गुंडच भरलेत?

तुम्हीच विचार करा. बचावपटूचं कामच अंगावर येणाऱ्याला अडवायचं. काठी जरा चुकीच्या जागी लागली की दोन मिनिटं बाहेर. इतकंच काय, आपल्या भागातून मारलेला पक थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला तरी दोन मिनिटं. त्यात असभ्य काय आहे? आणि रेफरीची नजर चुकवून कोपर मारणाऱ्याच्या रकान्यात मात्र शून्य.

आघाडीच्या अँझे कोपिटारला २०१६ मध्ये १६ मिनिटं शिक्षा असूनही ट्रॉफी मिळाली, आणि योग्यच मिळाली. पण २०१२ मध्ये जिंकलेल्या बचावपटू ब्रायन कॅम्पबेलची ६ मिनिटं होती, २०२१ च्या जॅकब स्लेविनची फक्त २. मागे खेळणारा जवळपास संत असेल तरच आपल्याला दिसणार का?

आकडा बघू नका असं मी म्हणत नाही. मिकिटाचा बदल आकड्यातच तर दिसला. पण आकडा चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. शिक्षा कशाबद्दल झाली ते वाचा. समोरच्याने डिवचल्यावर तो काय करतो, भिंतीजवळ पाठमोऱ्या खेळाडूवर धडकायची संधी मिळाली तर थांबतो का, हे मॅच बघूनच कळतं. आणि मॅच बघणं ही तर पत्रकारांची नोकरीच आहे. पाचातली एक जागा बचावपटूचा नीट विचार होईपर्यंत रिकामी ठेवली, तरी खूप झालं.