ट्रेलर लाखाचा, वायर उरलेली

पंखा घ्यायचा असला की आपण चार दुकाने हिंडतो. फ्रिजसाठी तर आठवडाभर घरात चर्चा चालते. वायर मात्र कुणी विकत घेत नाही, ती "असेल की माळ्यावर" असते. रमजानमधल्या सामोशांच्या गाड्यांवर, लग्नाच्या मांडवात, गच्चीवरच्या दावतीत हीच माळ्यावरची वायर सगळा भार वाहते आणि काही झाले नाही तर पुन्हा माळ्यावर जाते.

आता ही सवय छोट्या कॅम्पिंग ट्रेलरपर्यंत पोहोचली आहे. गाडीच्या मागे जोडायची एक चाकांवरची खोली: आत दोन-तीन माणसांची झोपण्याची सोय, एक पंखा, छोटा फ्रिज, मागचे झाकण उघडले की स्वयंपाकाचा ओटा. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही रुळू लागला. माझ्या चुलत भावाने, आम्ही त्याला भाईजान म्हणतो, असा एक ट्रेलर फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला. गाद्यांच्या कापडावर दोन महिने वाद झाला. ट्रेलरला वीज कोणत्या वायरने द्यायची, हा प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्री आला.

माझे म्हणणे असे की हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, वीज हा काही माझा विषय नाही. पण माझे मामू लायसन्सवाले वायरमन होते आणि त्यांच्या हाताखाली टेस्टर धरतच आम्ही मोठे झालो. ट्रेलरबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याचे अंग लोखंडाचे किंवा अॅल्युमिनियमचे असते आणि तो उभा असतो रबरी चाकांवर. म्हणजे जमिनीशी त्याचा संबंध जवळजवळ तुटलेला. आत कुठे फेजची वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर तो अख्खा पत्रा जिवंत होतो आणि चूपचाप तसाच राहतो. आतल्या माणसाला काही कळत नाही. ज्याचा एक पाय ओल्या जमिनीवर आणि एक हात दाराच्या मुठीवर असतो, त्याला कळते.

आणि ओल्या जमिनीवर कोण असते, हेही बघा. वायर घेणारे बहुधा पुरुष असतात. ट्रेलरच्या मागे अनवाणी उभे राहून भांडी विसळणारी भाभी असते आणि समुद्रातून भिजून येऊन दार ओढणारी पोरे असतात. म्हणून वायरमधल्या तिसऱ्या तारेवर, अर्थिंगवर, माझा एवढा हट्ट आहे. भाषेच्या मास्तरणीला इथे गंमत वाटते: दुकानदार "अर्थची वायर" म्हणतो आणि मराठीत अर्थ म्हणजे मतलब. दोन तारांची वायर ट्रेलरला लावणे अगदी शब्दशः निरर्थक आहे. तिसरी, हिरवी-पिवळी तार ट्रेलरच्या पत्र्याला पक्की जोडलेली असेल, तर बिघडलेला प्रवाह माणसाऐवजी त्या तारेतून जातो आणि स्विच पडतो. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी. ती सॉकेटला सगळ्यात आधी भिडते आणि सगळ्यात शेवटी सुटते.

मालवणकडच्या एका घरगुती निवासाच्या अंगणात आम्ही ट्रेलर लावला, तेव्हा मालकांनी मोठ्या मनाने खिडकीतून वायर बाहेर सोडली. माणसे फार भली होती, संध्याकाळी सोलकढी पाठवली. वायर दोन तारांची होती, मध्ये दोन ठिकाणी चिकटपट्टीचे जोड होते आणि सॉकेटमध्ये ती आगपेटीच्या काड्या खोचून बसवली होती. "इतकी वर्षं चालतंय," ते म्हणाले. चालत असणारच. त्यांच्याकडे त्या वायरवर अंगणातला एक दिवा चालत होता. आम्ही इंडक्शन लावणार होतो.

जाडीचा प्रश्न इथे येतो. दुकानात "दीडची", "अडीचची" म्हणतात, तो आकडा तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सांगतो, चौरस मिलिमीटरमध्ये. वरचे प्लास्टिक किती जाड आहे त्यावर जाऊ नका, स्वस्त वायरीत तेच जाड असते. बाजारातल्या तयार एक्स्टेन्शन बोर्डांची वायर पुष्कळदा ०.७५ ची असते. ती मोबाइल आणि पंख्यासाठी ठीक. पण २५ मीटर लांब अशा वायरीतून १० अँपियर, म्हणजे साधारण २३०० वॅट, नेले तर वाटेत सुमारे १३ व्होल्ट गळतात आणि १३० वॅटची उष्णता त्या वायरीतच तयार होते. हेच काम २.५ ची वायर ४ व्होल्ट आणि ४० वॅटवर करते. आता ती ०.७५ ची वायर गुंडाळी न सोडता गादीखाली किंवा खुर्चीखाली ठेवा. उष्णतेला बाहेर जायला वाट नाही, प्लास्टिक मऊ पडते आणि तारा एकमेकींना भिडतात. रीळवर गुंडाळलेली वायर भार मोठा असेल तेव्हा पूर्ण सोडायची असते, हे साधे कारण आहे त्यामागे.

भाईजानच्या मुलाने इंटरनेटवर अमेरिकन व्हिडिओ पाहिले होते. त्याचा आग्रह ३० अँपियरच्या, १० गेजच्या वायरीचा. मी त्याला वहीवर गुणाकार करायला लावला. तिकडे अशा जोडणीला १२० व्होल्ट असतात. १२० गुणिले ३० म्हणजे ३६०० वॅट. आपल्याकडे २३० व्होल्ट, आणि घरातला मोठा सॉकेट १६ अँपियरचा. २३० गुणिले १६ म्हणजे ३६८०. आपला साधा "पॉवर पॉइंट" त्यांच्या त्या अगडबंब वायरीइतकेच काम करतो. १० गेज म्हणजे सव्वापाच चौरस मिलिमीटर तांबे. ते वाहून न्यायचे, गुंडाळायचे आणि त्याचे पैसे मोजायचे, कशासाठी? आपल्या व्होल्टेजला जवळचा नमुना ब्रिटनचा. तिथल्या कॅराव्हॅनच्या तळांवर २.५ ची, साधारण २५ मीटरची, तीन तारांची वायर आणि १६ अँपियरचा निळा गोल प्लग हीच रीत आहे. तो निळा इंडस्ट्रियल प्लग आपल्याकडेही इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानात मिळतो. त्याला झाकण असते, पावसाचे शिंतोडे तो सोसतो आणि ओढला तरी चटकन निसटत नाही.

तर माझी निवड: २.५ चौरस मिलिमीटर, तीन कोअर, गोल, लवचिक, पूर्ण तांब्याची, आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा क्रमांक वायरीवरच छापलेला असलेली, २५ मीटर, मध्ये एकही जोड नाही. तार नखाने किंवा पातीने खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचे पाणी आहे, परत करा. शेतातल्या मोटारीची उरलेली चपटी वायर कुणी "तीन कोअरच आहे की" म्हणून पुढे केली तर नम्रपणे नको म्हणा. ती लाल, पिवळी, निळी असते, तिन्ही फेजसाठी. तिच्यात हिरवी तार नसते, आणि घाईत कोणती कशाला जोडली हे रात्री कुणाच्या लक्षात राहत नाही. १६ चे ६ करणारे ते छोटे कन्व्हर्टर प्लगही घरीच राहू द्या.

दुकानदाराने मला सोडून पुतण्याकडे बघत सांगितले, "एवढी कशाला, दीडची पुरेल." फक्त दिवे, पंखा आणि फ्रिज असेल तर पुरेल, खरे आहे. इंडक्शन आणि किटली एकदम लावायची असेल तर मी अडीचच घेईन. फरक फार मोठा नाही. गाद्यांच्या कापडात त्याहून जास्त गेले.

वायर कितीही चांगली असली तरी ती समोरच्याच्या सॉकेटवर अवलंबून आहे. तिकडे अर्थिंग नसेल तर आपली हिरवी तार हवेत लोंबकळते. म्हणून दोन गोष्टी सोबत हव्यात. एक, छोटा सॉकेट टेस्टर. तो खोचला की दिव्यांवरून अर्थ आहे का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, ते कळते. दुसरी, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, १६ अँपियरच्या एमसीबीसह, एका बंद डबीत. ती घराच्या बाजूच्या टोकाला बसवा. ट्रेलरच्या आत बसवली तर गवतात पडलेली वायर स्वतःच तिच्या पहाऱ्याबाहेर राहते. अर्थिंग नसले तरी माणसातून प्रवाह जाऊ लागताच ती तोडते. अर्थिंग असेल तर माणसाने हात लावण्याआधीच तोडते. तिच्यावरचे टेस्टचे बटण प्रत्येक मुक्कामी दाबायचे.

"अल्लाह मालिक है" असे म्हणून या सगळ्यावरून हात झटकणारे आमच्यात कमी नाहीत. मामूही तेच म्हणायचे, पण फ्यूज काढून खिशात ठेवल्यावर, खांबावर चढताना.

आणि परतल्यावर वायर कोपराभोवती गुंडाळू नका, आतल्या तारा तशा पिळून तुटतात. खारे पाणी आणि वाळू ओल्या फडक्याने पुसून, मोठी वेटोळी घालून, ट्रेलरमध्येच ठेवा. माळ्यावर नको, नाहीतर पुढच्या रमजानमध्ये ती कुणाच्या तरी गाडीवर सामोसे तळायला जाईल.