स्पर्धेला धनी हवा

आज २९ ऑगस्ट. मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस म्हणून देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो. वणीकरांसाठी या तारखेचे मोल आणखी आहे. लोकनायक बापूजी अणे १८८० साली याच दिवशी या गावात जन्मले. आज शाळा-महाविद्यालयांत प्रतिमापूजन होईल, शर्यती होतील, पाहुण्यांची भाषणे होतील. या निमित्ताने आम्हाला मात्र एका बंद पडलेल्या फुटबॉल स्पर्धेची आठवण काढायची आहे. आपल्यासारख्या गावांनी तिच्याकडून बरेच शिकण्याजोगे आहे.

मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, ड्युरँड कपनंतर अवघ्या तीन वर्षांनी. पहिली काही दशके करंडक गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटचा. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स जिंकले, तेव्हा कुठे तो प्रथम भारतीय संघाच्या हाती आला. स्वातंत्र्यानंतर सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो कोणाला हात लावू दिला नाही. इतके सगळे वैभव असलेली ही स्पर्धा २०००-०१ च्या हंगामानंतर थांबली, ती थांबलीच.

तिच्यावर कोणी बंदी घातली नव्हती. राष्ट्रीय लीग आली, क्लबांना जुन्या करंडकांसाठी सवड उरली नाही, आणि मुंबईने फारशी खळखळ न करता ती विसरून टाकली. उलट आपल्याकडच्या शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे पाहा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले. २०२१ च्या अखेरीस सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला, तोवर शेतकऱ्यांनी आशा सोडली नव्हती. पटाच्या बऱ्यावाईटाची चर्चा वेगळी. पण पट गावाचा होता, म्हणून परतला. रोव्हर्स कोणाची होती? ड्युरँड कपला सैन्याने धरून ठेवले, दिल्लीहून गोव्याला, पुढे कोलकात्याला नेले. स्पर्धा आजही चालते. रोव्हर्सच्या पाठीशी असा कोणी नव्हता.

कोल्हापूरकडे बघितले की हे अधिक कळते. तिथल्या फुटबॉल संघांची नावेच बोलकी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलला आपल्या अंगणात जागा दिली आणि प्रत्येक पेठेला आपला संघ मिळाला. शाहू स्टेडियमवर सामना असला की आजोबा, बाप आणि नातू एकाच संघासाठी ओरडतात, आणि हरल्यावर आठवडाभर एकमेकांवर चिडतात. हे प्रेम कधी कधी हाणामारीवर जाते, तेव्हा पोलिसांना मैदानात उतरावे लागते. तो दोष आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण ज्या गावात हरण्याचे दुःख होते, तिथे स्पर्धा मरत नाही, हेही खरे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

आणि विदर्भ? रोव्हर्स थांबली त्याच सुमारास, २००१ मध्ये, नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले. पावसात फुटकी बादली लाथाडणाऱ्या पोरांना पाहून त्यांना ते सुचले. पुढे त्यावर ‘झुंड’ हा चित्रपट निघाला. बारशांपाशी ना कंपनी होती, ना संस्थान. महाविद्यालयातला एक क्रीडाशिक्षक होता आणि त्याचा हट्ट होता.

आपला पट्टा कोळशाचा. खाणी आहेत म्हणून खेळासाठी पैसा मिळेल, असे आपण सहज धरून चालतो. मुंबईचा अनुभव तसा नाही. कंपन्यांनी तिथे उत्तम संघ उभे केले आणि व्यवहार बदलताच ते मोडलेही. महिंद्र युनायटेडसारखा नामांकित संघ २०१० मध्ये बंद झाला. खाणीलाही आयुष्य असते. कोळसा संपला की कॉलनी रिकामी होते, मग करंडक कोण सांभाळणार? कंपनीने मदत जरूर करावी, पण स्पर्धेची मालकी तिच्याकडे नको. पुढाऱ्याच्या वाढदिवसाकडेही नको, कारण वाढदिवसाची स्पर्धा निवडणुकीपुरती टिकते.

वणीला राजूर, मारेगाव, झरी, पांढरकवडा आणि नदीपलीकडे घुग्घुस, वरोरा, भद्रावती अशी हाकेच्या अंतरावरची गावे लाभली आहेत. यांतून आठ संघ जमले तरी गावाच्या स्वतःच्या फुटबॉल स्पर्धेला पुरे. पहिल्या बक्षिसाचा आकडा फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिण्याची गरज नाही. त्यापेक्षा पंचांना वेळेवर मानधन द्या, मुलींसाठी वेगळा गट ठेवा आणि प्रत्येक सामन्याचा निकाल एका वहीत नोंदवा. कापूस वेचणीचा जोर ओसरल्यावर, उन्हाळा तापण्याआधी, मैदान कोरडे आणि घरातली मंडळी थोडी मोकळी असतात. नगर परिषद, महाविद्यालये आणि गावातील क्रीडा मंडळांनी येत्या महिन्यात एकत्र बसावे, एक तारीख ठरवावी आणि पुढची दहा वर्षे ती हलवू नये.