यासुकुनीची यादी

"मेलेल्यांशी कसलं वैर?" यासुकुनीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पटतोही चटकन. पण मंडळी, तोक्योतलं हे शिंतो देऊळ स्वतः तरी असं मानतं का?

सम्राट मेइजीच्या हुकमानं ते १८६९ मध्ये उभं राहिलं, यादवीत सम्राटाच्या बाजूनं मेलेल्यांसाठी. विरुद्ध लढून मेलेल्या आइझूच्या सामुराईंना त्यात जागा नाही. सायगो ताकामोरी आधी सम्राटासाठी लढला, १८७७ मध्ये बंड करून मेला, म्हणून तोही बाहेर! म्हणजे कुणाला देव करायचं हे पहिल्यापासून निवडूनच ठरतं.

इथे अस्थी नाहीत, थडगी नाहीत. फक्त नावं, सुमारे २४ लाख ६६ हजार. १७ ऑक्टोबर १९७८ ला त्यात १४ नावं गुपचूप घातली गेली. तोजोसकट सगळे 'अ' वर्गाचे युद्धगुन्हेगार म्हणून खटला चाललेले. आधीच्या मुख्य पुजाऱ्यांनी लांबवलेलं काम नव्यांनी आल्या आल्या उरकलं. लोकांना कळलं १९७९ च्या एप्रिलमध्ये. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तिथे गेले नाहीत, आणि त्यामागे या नावांबद्दलची नाराजी होती हे २००६ मध्ये उजेडात आलेल्या एका दरबारी अधिकाऱ्याच्या टिपणांतून दिसलं.

मग काढा ना ती नावं! तर म्हणे, एकदा मिसळलेले आत्मे वेगळे करता येत नाहीत. हेच उत्तर कोरियन आणि तैवानी घरांनाही मिळालं. जपानी राजवटीत सैन्यात गेलेले त्यांचे हजारो लोक या यादीत आहेत, घरच्यांना न विचारता. आमच्या बापाचं नाव काढा म्हणून मुलं कोर्टात गेली, तरी देऊळ ढिम्म. नाव घालताना परवानगी लागत नाही, काढताना मात्र धर्म आडवा येतो. हा कुठला न्याय?

आपल्या लोकांना तिथलं न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं २००५ मधलं स्मारक दाखवून खूश केलं जातं. पालांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं हे खरं. पण जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी त्याच निकालपत्रात मान्य केले होते. ते सोयीस्करपणे विसरायचं का?

रणात मेलेल्या साध्या शिपायाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याच्या आईचं दुःख खरंच आहे. म्हणून तर चीड येते, कारण त्याला मरायला पाठवणारे आज त्याच्याच आड लपलेत. जवळच चिदोरिगाफुची आहे. १९५९ पासून तिथे ओळख न पटलेल्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. तिथे कुणाला देव केलेलं नाही. पुढाऱ्यांना हात जोडायचेच असतील तर तिथे जोडावेत.