चांदीची गोळी आणि परदेशी भूत

पौर्णिमा जवळ आली, की वाल्देमार डानिन्स्की स्वतःला साखळदंडांनी बांधून घ्यायला सांगतो. साखळदंड टिकत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही.

आता तुम्ही म्हणाल, रविवारी सकाळी चहाबरोबर हे लांडगेपुराण कशाला? पण स्पेनमधल्या या जुन्या भयपटांची गोष्टच मोठी मजेची आहे. हासिंतो मोलिना हा माद्रिदचा वेटलिफ्टर. लहानपणी हॉलिवूडचा लांडगामाणूस पाहून तो झपाटला, मोठेपणी त्याने स्वतःच तसली कथा लिहिली आणि पॉल नॅशी या नावाने नायकही झाला. १९६८ साली पहिला चित्रपट आला. तेव्हा स्पेनमध्ये जनरल फ्रँकोची राजवट होती. सेन्सॉरने सांगितले, स्पॅनिश माणूस लांडगा होणे नाही! झाले, नायक पोलंडचा ठरला.

गंमत बघा. याच स्पेनच्या गॅलिशिया प्रांतात १८५३ साली रोमासांता नावाच्या फेरीवाल्यावर खुनांचा खटला चालला होता, आणि आपण शापाने लांडगा होतो, असा त्याचा बचाव होता. म्हणजे लांडगामाणूस सरकारी दप्तरात चालत होता, पडद्यावर तेवढा नको होता. आमच्या घरात सगळे छान, भुते काय ती शेजाऱ्यांकडे, ही वृत्ती काही एकट्या स्पेनची नव्हे म्हणा.

१९७१ च्या ‘ला नोचे दे वाल्पुर्गिस’ची सुरुवात मला म्हणूनच फार आवडते. दोन डॉक्टर डानिन्स्कीचे शवविच्छेदन करायला बसले आहेत. कसला लांडगा आणि कसले काय, असे म्हणत ते त्याच्या छातीतल्या चांदीच्या गोळ्या उपसून काढतात. पुढे काय होते, ते सांगायला नकोच.

हे चित्रपट थोर आहेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पैसा तुटपुंजा, कथेला शेंडा ना बुडखा. १९७५ च्या चित्रपटात तर हा गडी हिमालयात जाऊन यतीशी झुंजतो! पण नॅशीच्या केसाळ चेहऱ्यामागचे डोळे खोटे वाटत नाहीत. त्याचा लांडगा हौसेने मारत नाही. सकाळी शुद्धीवर आल्यावर काल रात्री कोणाचा जीव घेतला, हे आठवून तो खचतो. दारूच्या नशेत घर मोडून सकाळी मान खाली घालून बसणारा एखादा माणूस आपण पाहिलेला असतो. हॉलिवूडचा मेकअप सरस असेल, पण ही शरम मला नॅशीकडेच अधिक खरी वाटते.

२००१ साली स्पेनने त्याला ललित कलांसाठीचे सुवर्णपदक दिले. २००९ मध्ये तो गेला.

डानिन्स्कीला मात्र त्याच्यावर जीव लावणारी बाईच मारू शकते, असा या चित्रपटांचा रिवाज. ती रडत रडत चांदीचे हत्यार उचलते, आणि तो सुटतो. पुढच्या चित्रपटात तो पुन्हा जिवंत असतो. कसा, ते कोणी विचारत नाही.