अंडाशयाचे घड्याळ आणि घरातील रात्रपाळी

मनुष्यदेहात घड्याळ एक नसून अनेक आहेत, ही गोष्ट आता शास्त्रमान्य झाली आहे. मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून तो दिवस आणि रात्र ओळखतो. हे झाले मुख्य घड्याळ. परंतु यकृत, हृदय आणि स्त्रीचे अंडाशय यांच्या पेशींतही स्वतंत्र घड्याळे चालत असतात. पेशीतील काही जनुके प्रथिने निर्माण करतात. ती प्रथिने साचली की त्याच जनुकांना थोपवून धरतात आणि ती झिजली की जनुके पुन्हा कामाला लागतात. असा एक फेरा सुमारे २४ तासांचा असतो. फळमाशीवरील संशोधनातून ही यंत्रणा उलगडून दाखविणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. अंडाशय देहाच्या अंतर्भागात असते. तेथे प्रकाशाचा किरणही पोहोचत नाही. मग त्याच्या घड्याळाला वेळ लावून देतो कोण? माझी हयात बँकेत गेली, म्हणून त्याच भाषेत सांगतो. मुख्य कार्यालयाचा आदेश जसा परिपत्रकाने शाखेत पोहोचतो, तसे येथे परिपत्रकाचे काम प्रामुख्याने संप्रेरके करतात. मेंदूलगतची पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. एक स्त्रीबीजाची पुटिका वाढविते. दुसरे, ज्याला एल.एच. म्हणतात, ते पक्व बीज बाहेर पडण्याची आज्ञा देते. उंदरांचे अंडाशय शरीराबाहेर पोषक द्रवात जिवंत ठेवून त्यावर ही संप्रेरके सोडली असता, त्यातील घड्याळाचे काटे पुढे-मागे सरकलेले आढळले. म्हणजे ही संप्रेरके केवळ बीज वाढवीत नाहीत, तर वेळही कळवितात.

शाखा मात्र निव्वळ आज्ञाधारक नाही. ती आपला अहवाल वरती पाठविते. बीज पक्व होत आले की अंडाशयातील इस्ट्रोजेन वाढते आणि त्याची वर्दी मेंदूला मिळते. ही वर्दी आणि योग्य प्रहर, दोन्ही जुळले तरच एल.एच.ची लाट उसळते. एव्हरेट आणि सॉयर या संशोधकांनी १९५० मध्ये याचा सुरेख पुरावा दिला. मादी उंदराला ठरावीक दिवशी दुपारी दोनच्या सुमारास गुंगीचे औषध दिले, तर त्या रात्रीचे अंडमोचन टळते. औषधाचा अंमल उतरला म्हणून ते दोन-चार तासांनी होत नाही. ते थेट २४ तास पुढे जाते. घटिका चुकली की दुसऱ्या दिवसाच्या त्याच घटिकेची वाट पाहावी लागते.

स्त्रियांमध्ये हे बंधन इतके काटेकोर नाही. तरीही एल.एच.ची लाट बहुधा उत्तररात्री किंवा पहाटे सुरू होते आणि त्यानंतर सुमारे दीड दिवसाने बीज बाहेर पडते. पुढे गर्भ रुजण्यासाठी प्रोजेस्टेरॉन लागते. घड्याळाचे एक प्रमुख जनुक काढून टाकलेल्या मादी उंदरांत हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही आणि गर्भ रुजत नाही, असे दिसून आले आहे.

हे सारे आपल्या घरापाशी येऊन ठेपते. आज आपल्या मुली आणि सुना रुग्णालयांत, संगणक कंपन्यांत रात्रपाळी करतात. फिरत्या पाळीत काम करणाऱ्या परिचारिकांच्या अमेरिकेतील अभ्यासात मासिक पाळी अनियमित होण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. तेवढ्यावरून रात्रपाळी हेच कारण, असा निवाडा करता येत नाही. परंतु दुर्लक्ष करण्याजोगी ही बाब नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवण्यासाठी तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन या अटी घातल्या. मात्र घरी परतल्यावर तिला झोप मिळावी, हे कोणताही कायदा पाहू शकत नाही. ते घरानेच पाहावयाचे असते.

सकाळी सात-आठला परतलेल्या सुनेने लगेच स्वयंपाकघर सांभाळावे, अशी अपेक्षा अनेक सुशिक्षित घरांतही असते. त्यातच पाळी अनियमित झाली वा मूल होण्यास विलंब लागला, की बोट प्रथम तिच्याकडेच वळते. वाचकहो, हा हिशेब एकतर्फी आहे. विलंबाची कारणे पतीकडेही असू शकतात. तपासणी दोघांचीही व्हावी. तिची खोली दिवसा अंधारी आणि शांत ठेवावी, पाळ्यांची अदलाबदल वरचेवर होऊ नये म्हणून तिने कार्यालयात बोलावे आणि घरच्यांनी तिला त्यात साथ द्यावी. पाळीचे चक्र २१ दिवसांहून कमी किंवा ३५ दिवसांहून अधिक होऊ लागले, अथवा तीन महिने पाळी आली नाही, तर रात्रपाळीला दोष देत बसू नये. थायरॉइड आणि अन्य कारणांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

स्त्रीच्या देहातील घड्याळे एकमेकांशी अखंड पत्रव्यवहार करीत असतात. त्यांचा ताळमेळ राखणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. दिवसा निजलेल्या सुनेच्या खोलीचे दार वाजवू नये, एवढे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.